मोंपार्नासच्या रात्री आणि मोदिल्यानी

कलावंताची कीर्ती ही एक गोष्ट आणि त्याच्याभोवती जमणारी दंतकथा ही दुसरी. पुष्कळांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी सलोख्याने नांदतात. काहींच्या बाबतीत मात्र दंतकथा इतकी फोफावते की तिच्या सावलीत मूळ माणूस दिसेनासा होतो. इटालियन चित्रकार आणि शिल्पकार आमेदेओ मोदिल्यानी हा या दुसऱ्या जातीतला. लांबट मान, किंचित कललेले मस्तक आणि बदामी आकाराचे, बऱ्याचदा बुबुळांवाचून रंगवलेले डोळे अशी त्याची चित्रे कोणीही दुरून ओळखावीत. त्याचे आयुष्यही तसेच दुरून ओळखीचे झाले आहे. देखणा, दरिद्री, मद्यपी चित्रकार पॅरिसच्या कॅफेंमधून रात्री-रात्री भटकतो, दारूच्या पेल्यासाठी रेखाटने विकतो आणि पस्तिशीतच मरून जातो, ही ती गोष्ट. या गोष्टीत खोटे फारसे काही नाही. पण ती अपुरी आहे, आणि तिच्या अपुरेपणामुळे एका माणसावर, आणि त्याच्याहूनही अधिक एका तरुणीवर, अन्याय होत आला आहे.

मोदिल्यानीचा जन्म १२ जुलै १८८४ रोजी इटलीतील लिव्होर्नो या बंदराच्या गावी एका सुशिक्षित ज्यू कुटुंबात झाला. चार भावंडांत तो धाकटा. त्याचा जन्म झाला तेव्हा वडिलांचा धंदा बुडालेला होता. कुटुंबात सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीनुसार जप्तीची माणसे दाराशी आली, त्याच सुमारास आईला प्रसूतिवेदना सुरू झाल्या. बाळंतिणीच्या पलंगावरील वस्तूंना हात लावायचा नाही असा जुना नियम होता. तेव्हा घरातले होते नव्हते ते किडूकमिडूक त्या पलंगावर रचण्यात आले. आई युजेनिया ही खंबीर आणि वाचनवेडी बाई होती. तिने घरीच शाळा काढून संसार सावरला. मोठा भाऊ पुढे समाजवादी पक्षाचा खासदार झाला. घरात लाडाने ‘देदो’ म्हटला जाणारा हा मुलगा मात्र प्रकृतीने नाजूक होता. अकराव्या वर्षी फुफ्फुसाच्या आवरणाचा दाह, चौदाव्या वर्षी विषमज्वर आणि सोळाव्या वर्षी क्षय अशी दुखण्यांची रांगच लागली. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. आईने त्याला हवापालटासाठी दक्षिण इटलीत नेले. नेपल्स, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस येथली संग्रहालये आणि चर्चेस त्याने या निमित्ताने पाहिली. रोग दबला, गेला नाही. तो छातीत घेऊनच मोदिल्यानी जगला, आणि त्याच्या पुढच्या सगळ्या रात्रींचा अर्थ लावताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

१९०६ च्या आरंभी, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो पॅरिसला आला. तेव्हाचे पॅरिस हे कलावंतांचे पंढरपूर होते. स्पेन, रशिया, पोलंड, लिथुआनिया, रुमानिया, मेक्सिको, जपान अशा कुठून-कुठून तरुण तेथे येत. मोदिल्यानी आला तो नीटनेटक्या पोशाखात, आईने दिलेले पैसे खिशात घेऊन. काही दिवस बऱ्यापैकी हॉटेलात राहिला. मग पैसे संपले आणि तो मोंमार्त्रच्या टेकडीवर गेला. भाडे स्वस्त, दारू स्वस्त आणि शेजार कलावंतांचा, असा तो भाग होता. पिकासो आणि त्याचा गोतावळा तेथील ‘बातो-लाव्हार’ या मोडकळीला आलेल्या लाकडी इमारतीत राहत असे. संध्याकाळ झाली की ही मंडळी ‘लापँ आजिल’ या बुटक्याशा पानगृहात जमत. तेथला दाढीवाला मालक गिटार वाजवून गाणी म्हणे, कवी कविता वाचत, आणि ज्याच्याजवळ पैसे नसतील त्याने चित्र देऊन भागवावे असा रिवाज होता.

मोदिल्यानी या जगात सहज मिसळला, पण त्याच्याशी पूर्णपणे एकरूप कधीच झाला नाही. पिकासोच्या घनवादात तो सामील झाला नाही, आणि त्याच्याच देशातून आलेल्या भविष्यवाद्यांच्या जाहीरनाम्यावर सही करायलाही त्याने नकार दिला. अंगावर विटलेला कॉर्डुरॉयचा कोट, गळ्यात रुमाल आणि खिशात एखादे पुस्तक असा त्याचा वेश. दान्तेचे काव्य त्याला तोंडपाठ होते. रात्र चढत गेली की तो ते मोठ्याने म्हणू लागे. फ्रेंच तर त्याला आईकडून बालपणीच मिळाले होते. त्यामुळे परदेशी कलावंतांच्या त्या गर्दीत भाषेची अडचण नसलेला तो विरळा माणूस होता. मित्र त्याला ‘मोदी’ म्हणत. फ्रेंच भाषेत ‘शापित’ या अर्थाचा शब्द उच्चाराला जवळपास तसाच आहे, आणि या योगायोगाने दंतकथेला आयते नावच मिळाले.

मोंमार्त्रमधील त्याचा सर्वात जवळचा सोबती म्हणजे मॉरिस युत्रिलो. चित्रकर्ती सुझान व्हालादों हिचा हा मुलगा कोवळ्या वयातच दारूच्या आहारी गेलेला होता. दोघे मिळून पीत, भांडत, पुन्हा गळ्यात गळे घालत. त्यांच्या या रात्रींचे किस्से नंतर अनेकांनी रंगवून लिहिले. पण याच काळात मोदिल्यानीला दुसराही एक मित्र भेटला, आणि त्याच्याविषयी मात्र फार कमी बोलले गेले. डॉ. पॉल अलेक्झांद्र हा त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा, नुकताच शिकून बाहेर पडलेला डॉक्टर. त्याने आपल्या भावासह डेल्टा रस्त्यावरचे एक पाडायला काढलेले घर भाड्याने घेतले होते, आणि ते गरीब कलावंतांना काम करायला, राहायला खुले ठेवले होते. शनिवारी रात्री तेथे कविता, संगीत, नाटुकली चालत. हशीश ओढण्याचे प्रयोगही होत. १९०७ मध्ये मोदिल्यानी त्या घरात आला. पुढची सात वर्षे या डॉक्टरने त्याची चित्रे विकत घेतली, मोबदला घेऊन चित्रे काढण्याची कामे मिळवून दिली, आणि विशेष म्हणजे त्याने टाकून दिलेली, फाडून टाकायला काढलेली रेखाटने जपून ठेवली. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले, डॉक्टर आघाडीवर गेला आणि दोघांची पुन्हा भेट झाली नाही. पण ती चारशेहून अधिक रेखाटने त्याने आयुष्यभर सांभाळली. १९९३ मध्ये, मोदिल्यानीच्या मृत्यूनंतर ७३ वर्षांनी, ती जगापुढे आली. आणि ज्याला लोक केवळ रात्रीचा भटक्या समजत होते तो दिवसाउजेडी किती चिकाटीने, एकेक रेषा पुनःपुन्हा गिरवत काम करीत असे, याचा पुरावा मिळाला.

याच डॉक्टरने मोदिल्यानीची गाठ रुमानियन शिल्पकार ब्रांकुशी याच्याशी घालून दिली. खरे तर मोदिल्यानीला व्हायचे होते शिल्पकार. १९०९ च्या सुमारास तो सीन नदीपलीकडे, मोंपार्नास भागातील सिते फाल्गिएर या गल्लीत ब्रांकुशीच्या जवळपास राहायला गेला आणि दगड फोडू लागला. दगड विकत घ्यायला पैसे नसत. त्या भागात नव्या इमारती उठत होत्या; रात्रीच्या वेळी तेथले दगड कसे हलवले जात याच्या कथा मित्र पुढे हसत-हसत सांगत. आफ्रिकी मुखवटे, इजिप्तची आणि अतिप्राचीन ग्रीसची शिल्पे यांचा संस्कार झालेली, लांब नाकाची, अंतर्मुख मुद्रेची ती मस्तके होती. १९१२ मध्ये ऑस्कर वाइल्डच्या थडग्याच्या कामासाठी पॅरिसला आलेला शिल्पकार जेकब एप्स्टाइन त्याला भेटायला जाई. मोदिल्यानी रात्री त्या दगडी मस्तकांवर मेणबत्त्या लावून ठेवी आणि ती गरिबाची खोली एखाद्या पुरातन देवळासारखी दिसू लागे, अशी आठवण त्याने नोंदवली आहे. त्याच वर्षी पॅरिसच्या शरद प्रदर्शनात ही मस्तके मांडली गेली. परंतु दगडाची धूळ क्षयाने पोखरलेल्या छातीला मानवणारी नव्हती. दोन वर्षांत छिन्नी-हातोडा खाली ठेवावा लागला. आज त्याची जेमतेम पंचवीसएक दगडी शिल्पे माहीत आहेत. जे करायचे होते ते शरीर करू देत नाही, ही सल त्याच्या पुढच्या आयुष्यात कायम राहिली असावी. चित्रांतल्या त्या लांबट, घोटीव मानांत शिल्पकाराचा हातच दिसत राहतो.

दंतकथेशी न जुळणारी आणखी एक साक्ष याच वर्षांतली आहे. रशियन कवयित्री आन्ना अख्मातोवा १९१० मध्ये लग्नानंतर पतीसह पॅरिसला आली तेव्हा तिची मोदिल्यानीशी ओळख झाली. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली आणि दोघांचा बराच काळ एकत्र गेला. दोघेही तेव्हा अप्रसिद्ध होते. लक्झेंबर्ग बागेत खुर्चीवर बसायला पैसे पडत, म्हणून ते बाकावर बसत. पाऊस आला तर त्याची जुनी, भली मोठी काळी छत्री उघडत आणि तिच्याखाली बसून व्हर्लेनच्या कविता आळीपाळीने म्हणत. तो तिला लूव्रमधील इजिप्शियन दालनात नेई. चांदण्या रात्री पँथेऑनमागचे जुने पॅरिस त्याने तिला पायी फिरून दाखवले. एकदा ती त्याच्याकडे गेली, तो घरी नव्हता. हातातली तांबडी गुलाबे तिने खिडकीतून एकेक करून आत टाकली. ती इतकी नीट पडली होती की बंद खोलीत कोणी शिरले नव्हते यावर त्याचा विश्वास बसेना. म्हातारपणी अख्मातोवाने या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. आपण त्याला नशेत कधीच पाहिले नाही, असे तिने त्यात आवर्जून सांगितले. त्याने काढलेल्या तिच्या सोळा रेखाटनांपैकी एकच, क्रांती आणि युद्धांच्या धुमाळीतून वाचून, अखेरपर्यंत तिच्या भिंतीवर होते.

मोंपार्नास हे मोंमार्त्रपेक्षा वेगळे प्रकरण होते. येथे रुंद रस्ते होते, कोपऱ्याकोपऱ्यावर मोठे कॅफे होते, आणि गिऱ्हाईक जगभरातले होते. ‘ल दोम’ आणि ‘ला रोतोंद’ हे दोन कॅफे समोरासमोर. रोतोंदचा मालक व्हिक्तोर लिबियाँ हा आडदांड पण मायाळू माणूस. कॉफीचा एकच पेला पुढ्यात घेऊन कोणी पाच तास बसला तरी त्याने उठवू नये, अशी वेटरांना ताकीद असे. टोपलीतल्या लांबोळ्या पावांची टोके उपाशी चित्रकार हळूच मोडून घेत, तेव्हा लिबियाँ मुद्दाम दुसरीकडे पाही. बिल थकले तर चित्र ठेवून घेई, पैसे आले की परत करी. ज्यांच्या खोलीत शेगडी नाही आणि दिव्याला तेल नाही, त्यांच्यासाठी हा कॅफे म्हणजे ऊब, उजेड आणि पत्त्याची जागा होती. तेथल्या रात्रींकडे केवळ चैन म्हणून पाहणे त्यामुळेच चुकीचे ठरते. थंड खोलीत एकट्याने बसण्यापेक्षा गर्दीत बसणे हा परदेशी तरुणांचा जगण्याचा मार्ग होता.

मोदिल्यानी निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन टेबलाटेबलांवरून फिरे, समोर बसलेल्याचे चित्र काही मिनिटांत रेखाटून देई, आणि काही नाणी किंवा एक पेला घेई. कोणी दया म्हणून पैसे पुढे केले तर मात्र तो भडके. कांपान्य-प्रमिएर रस्त्यावर रोझाली नावाच्या इटालियन बाईची छोटीशी खानावळ होती. पूर्वी चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून बसलेली ही बाई मोदिल्यानीला त्याच्या भाषेत शिव्या देई आणि त्याच्यापुढे शेवयांची ताटली ठेवी. उधारीपोटी त्याने दिलेल्या रेखाटनांचे गठ्ठे उंदरांनी कुरतडले, असे सांगतात. दारू पिऊन आरडाओरडा केला की ती त्याला बाहेर काढी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढी.

या जगात त्याला जो मित्र मिळाला तो त्याच्या अगदी उलट स्वभावाचा. शाइम सुतीन हा लिथुआनियाकडच्या एका ज्यू खेड्यातून आलेला, लाजाळू, गबाळा, फ्रेंच न येणारा तरुण. त्याला कोणी जवळ उभे करीत नसे. मोदिल्यानीने त्याला आपल्याबरोबर घेतले, चार माणसांत बसायला शिकवले, त्याची व्यक्तिचित्रे रंगवली. ज्यू असणे ही बाब लिव्होर्नोमध्ये मोदिल्यानीच्या कधी मनातही आली नसेल. तेथे त्याचा समाज प्रतिष्ठित होता. पॅरिसमध्ये मात्र ज्यूद्वेषाचे बोल कानावर पडत. तेव्हापासून नवख्या माणसाला ओळख करून देताना तो नावापाठोपाठ आपण ज्यू आहोत हेही सांगून टाकी. सुतीनला दिलेल्या आधारात या जाणिवेचाही भाग असावा.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध आले. मोदिल्यानीने सैन्यात नाव घालण्याचा प्रयत्न केला. प्रकृती पाहून त्याला परत पाठवण्यात आले. मित्र आघाडीवर गेले. कॅफे लवकर बंद होऊ लागले, घरून येणारे पैसे थांबले, आणि १९१५ मध्ये अॅबसिंथ या कडक मद्यावर सरकारने बंदी घातली. रशियन चित्रकर्ती मारी व्हासिलिएफ हिने मेन मार्गावरील आपल्या स्टुडिओतच कलावंतांसाठी स्वस्त भोजनगृह उघडले. ते खासगी क्लब म्हणून नोंदलेले असल्याने तेथे रात्रीच्या बंदीचा जाच नव्हता; थोड्याशा पैशांत सूप, भाजी आणि उशिरापर्यंत गाणी. जानेवारी १९१७ मध्ये आघाडीवर जखमी होऊन परतलेल्या ब्राकच्या सन्मानार्थ तेथे मेजवानी झाली. मोदिल्यानीला मुद्दाम बोलावले नव्हते, कारण त्याची पूर्वीची प्रेयसी, इंग्रज पत्रकार बिआट्रिस हेस्टिंग्ज, आपल्या नव्या मित्रासह येणार होती. तो तरीही दारात उभा राहिला. त्या नव्या मित्राने पिस्तूल रोखले आणि यजमानीणबाईंना मध्ये पडून मोदिल्यानीला बाहेर काढावे लागले. हेस्टिंग्जबरोबरची त्याची दोन वर्षे अशीच वादळी गेली होती. दोघेही पीत, दोघेही भांडत. पण त्या दोन वर्षांत त्याने तिची डझनभर तरी चित्रे रंगवली, आणि शिल्पकलेकडून तो चित्रकलेकडे कायमचा वळला तोही याच काळात.

एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मोदिल्यानीने निसर्गचित्रे जवळजवळ काढलीच नाहीत, वस्तुचित्रेही नाहीत. त्याने माणसे काढली. आणि ही माणसे म्हणजे बहुतेक त्याच्या रात्रीच्या टेबलावरचे सोबती होते. पिकासो, दिएगो रिव्हेरा, मॅक्स जेकब, किसलिंग, सुतीन, चित्रविक्रेता पॉल गियोम असे कितीतरी जण त्याच्या कॅनव्हासवर आहेत. पुष्कळदा तो चित्रावरच त्यांची नावे रंगाने लिही. शिल्पकार लिपशिट्झचे नुकतेच लग्न झाले होते. त्याने १९१६ मध्ये पत्नीसह आपले चित्र काढायला सांगितले. एका बैठकीचे दहा फ्रँक आणि थोडी दारू, असा मोदिल्यानीचा दर ठरला. त्याने पहिल्याच दिवशी चित्र संपवले. मित्राला चार पैसे अधिक मिळावेत म्हणून लिपशिट्झ ते अपुरे आहे असे सांगत राहिला, आणि मोदिल्यानी नाइलाजाने पंधरवडाभर त्यावर हात फिरवत राहिला. शिकागोच्या संग्रहालयात असलेल्या त्या चित्रामागे मैत्रीचे असे गणित आहे. मोंपार्नासच्या रात्रींची वर्णने अनेकांनी लिहिली. पण त्या रात्री जागवणाऱ्या माणसांचे एकांतातले, थकलेले, शांत चेहरे मोदिल्यानीनेच टिपले.

याच सुमारास लिओपोल्ड झ्बोरोव्स्की हा पोलिश कवी त्याच्या आयुष्यात आला. कवितेने पोट भरत नाही म्हणून चित्रे विकू लागलेल्या या माणसाजवळ भांडवल असे नव्हतेच. तरी त्याने मोदिल्यानीला जोझेफ-बारा रस्त्यावरील आपल्या घरातली खोली काम करायला दिली, रंग, कॅनव्हास आणि मॉडेल पुरवली, रोजचा ठरावीक भत्ता बांधून दिला. त्यासाठी स्वतःच्या घरातल्या वस्तू गहाण टाकल्या. मोदिल्यानीची नग्न स्त्रियांची गाजलेली चित्रे या खोलीत जन्मली. ३ डिसेंबर १९१७ रोजी बेर्त वेल या बाईंच्या गॅलरीत त्याचे प्रदर्शन उघडले. खिडकीत लावलेल्या नग्नचित्रामुळे रस्त्यावर गर्दी जमली. समोरच पोलीस ठाणे होते. अधिकाऱ्याने ती चित्रे उतरवायला लावली. दोन रेखाटने प्रत्येकी तीस फ्रँकना खपली. झ्बोरोव्स्कीची निराशा कमी व्हावी म्हणून वेलबाईंनी स्वतःच पाच चित्रे विकत घेतली. हयातीत गॅलरीत भरलेले मोदिल्यानीचे हे एकमेव स्वतंत्र प्रदर्शन. याच मालिकेतले एक नग्नचित्र २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १७ कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेले.

१९१७ मध्येच त्याला जान एब्युतेर्न भेटली. एकोणीस वर्षांची, कलाशाळेत शिकणारी, शांत मुलगी. स्वतः चांगली चित्रे काढणारी. तिच्या कॅथलिक कुटुंबाला हा गरीब, आजारी, तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा परदेशी पसंत पडणे शक्य नव्हते. ती घर सोडून ग्रांद-शोमिएर रस्त्यावरील त्याच्या खोलीत राहायला आली. मार्च १९१८ पासून जर्मन तोफांचे गोळे पॅरिसवर पडू लागले, तेव्हा झ्बोरोव्स्कीने या मंडळींना दक्षिणेत समुद्रकाठी नेले. २९ नोव्हेंबर १९१८ रोजी नीस येथे त्यांना मुलगी झाली. दक्षिणेत स्वच्छ हवा होती, ऊन होते, दारू तुलनेने कमी होती. शेजारपाजारची मुले, नोकर, शेतकरी यांची फार सुंदर चित्रे त्याने तेथे काढली. वैद्य सांगतील ते सारे तेथे होते. पण मोंपार्नास नव्हते. मे १९१९ मध्ये तो पॅरिसला परतला.

त्या परतण्यातच सारे काही आले. ऑगस्टमध्ये लंडनच्या एका प्रदर्शनात त्याच्या चित्रांचे कौतुक झाले. कादंबरीकार अर्नल्ड बेनेटने एक चित्र विकत घेतले. यश दाराशी येऊन उभे होते. जुलैमध्ये त्याने जानशी लग्न करीन असे साक्षीदारांसमोर लिहून दिले होते. ती पुन्हा गरोदर होती. पण त्याचे खोकणे वाढले होते, दात पडू लागले होते, आणि रात्री तो पावसापाण्यात रस्त्यांवर फिरत राही. वैद्यकीय मदत त्याने घेऊ दिली नाही. क्षय हा संसर्गजन्य आणि म्हणून लोकांना दूर लोटणारा रोग होता. आपला खोकला आणि थरथर यांना मद्यपीपणाचा बुरखा पांघरणे त्याला अधिक सोयीचे वाटले असावे, असे अलीकडच्या काही चरित्रकारांनी मांडले आहे. कॅफे दारुड्याला बसू देतो. क्षयरोग्याला कोण बसू देणार? हे मत मान्य केले तर त्याच्या रात्रींचा रंग पार बदलतो. ज्या मित्रांच्या संगतीसाठी तो जगत होता, त्यांच्यापासूनच त्याला आपले खरे दुखणे लपवावे लागत होते.

जानेवारी १९२० मध्ये काही दिवस तो दिसला नाही. शेजारी राहणाऱ्या चित्रकार मित्राने दार उघडले तेव्हा तो गोठलेल्या खोलीत बेशुद्धावस्थेकडे झुकलेला होता. भोवती रिकाम्या बाटल्या आणि माशांचे डबे पडलेले. नऊ महिन्यांची गरोदर जान शेजारी बसलेली होती. त्याला शारिते या धर्मादाय रुग्णालयात हलवण्यात आले. २४ जानेवारीच्या संध्याकाळी मेंदूला झालेल्या क्षयसंसर्गाने त्याचा मृत्यू झाला. तो ३५ वर्षांचा होता. जानला तिच्या आईवडिलांनी घरी नेले. तेथील पाचव्या मजल्यावरच्या खिडकीतून, २६ जानेवारीला उजाडण्यापूर्वी, तिने स्वतःला खाली झोकून दिले. ती २१ वर्षांची होती.

भावाने इटलीहून खर्चाची काळजी न करता मानाने निरोप द्या असे कळवले होते. किसलिंगने पैसे गोळा केले. २७ जानेवारीला पेर लाशेझ दफनभूमीकडे निघालेल्या यात्रेत मोंपार्नासमधले सगळे होते. चित्रकार, कवी, मॉडेल, वेटर. ज्याला जिवंतपणी दहा फ्रँक मिळायला मारामार, त्याच्या शवपेटीवर फुलांचे ढीग होते, आणि त्याच दिवसापासून चित्रांच्या किमती चढू लागल्या. जानची अंत्ययात्रा मात्र गावाबाहेरच्या दफनभूमीकडे गुपचूप, चार माणसांत उरकण्यात आली. दहा वर्षांनी, १९३० मध्ये, तिच्या घरच्यांचा विरोध मावळला आणि तिला त्याच्या शेजारी आणण्यात आले.

मागे राहिलेल्या मित्रांचे काय झाले? मृत्यूपूर्वी मोदिल्यानीने झ्बोरोव्स्कीला सुतीनची काळजी घ्यायला सांगितले होते, असे म्हणतात. काही वर्षांतच एका अमेरिकन संग्राहकाने सुतीनची चित्रे एकगठ्ठा विकत घेतली आणि तो श्रीमंत झाला. झ्बोरोव्स्की काही काळ तरला, मग बुडाला, आणि १९३२ मध्ये निर्धन अवस्थेत वारला. कवी मॅक्स जेकब १९४४ मध्ये नाझींच्या कैदेत मेला. मोदिल्यानीच्या चिमुरड्या मुलीला त्याच्या बहिणीने लिव्होर्नोला नेऊन वाढवले. आईवडिलांची एकही आठवण नसलेल्या या मुलीने, तिचेही नाव जानच, मोठेपणी कागदपत्रे तपासून वडिलांचे चरित्र लिहिले; दंतकथा बाजूला सारून माणूस शोधणे हाच त्याचा हेतू होता. १९५८ मध्ये ते इटलीत प्रसिद्ध झाले.

दंतकथा मात्र हटली नाही. मित्रांनी हसण्यावारी नेले म्हणून मोदिल्यानीने आपली शिल्पे लिव्होर्नोच्या कालव्यात फेकून दिली, अशी एक आख्यायिका होती. १९८४ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, तो कालवा उपसण्यात आला आणि खरोखरच तीन मस्तके वर आली. नामांकित तज्ज्ञांनी ती अस्सल ठरवली. मग तीन विद्यार्थ्यांनी त्यातले एक आपण थट्टा म्हणून यांत्रिक अवजाराने कोरल्याचे सांगितले आणि दूरचित्रवाणीवर तसे करूनही दाखवले. उरलेली दोनही नकलीच निघाली. त्याच वर्षी त्या मुलीचा, जान मोदिल्यानीचा, मृत्यू झाला.

चौदा वर्षांच्या पॅरिसमधील वास्तव्यात मोदिल्यानीला मैत्रीची वाण कधी पडली नाही. कोणी खोली दिली, कोणी पाव दिला, कोणी उधारी विसरली, कोणी चित्र पुरे झालेले असतानाही अपुरे आहे म्हटले. त्याला डॉक्टरकडे नेणे मात्र कोणालाच जमले नाही; कारण त्याने ते जमू दिले नाही. त्या हट्टाची किंमत त्याने एकट्याने मोजली असती तर ती त्याची खासगी बाब ठरली असती. ती एका एकवीस वर्षांच्या मुलीने आणि जन्माला न आलेल्या मुलानेही मोजली. शापित कलावंताची गोष्ट रंगवून सांगताना ही बाजू सोयीस्करपणे वगळली जाते. मोदिल्यानीच्या चित्रांतून ती वगळलेली नाही. त्याने जानची वीसहून अधिक चित्रे रंगवली. शेवटच्या चित्रांत ती वाढलेल्या पोटावर हात ठेवून शांत बसलेली आहे, आणि तिच्या चेहऱ्यावर कोणत्याही रात्रीचा, कोणत्याही कॅफेचा उजेड नाही.